शाळांचं जेंडर ऑडिट: नाशिकमध्ये मिळणाऱ्या सल्लासेवेची पारख

नाशिकमधल्या शिक्षणसंस्थांना आणि सातपूर-अंबडच्या कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागांना आता 'शाळांचं जेंडर ऑडिट' नावाची सेवा, म्हणजे शाळेत मुली आणि मुलांना समान संधी मिळते का याची तपासणी, देऊ केली जाते. सेवा देणारे वेगवेगळे असले तरी पुडकं बहुतेक सारखंच असतं: सुरुवातीचा आराखडा, प्रश्नावल्या, शाळाभेटी, मुला-मुलींशी गटचर्चा, शिक्षकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण आणि शेवटी कृती आराखड्यासह अहवाल. इथे कोणा एका संस्थेचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण चुका आणि चांगल्या गोष्टी दोन्ही या पुडक्यातच आहेत. पाचपैकी गुण द्यायचे तर शाळाभेटीला चार, गटचर्चेला तीन, अहवालाला दोन आणि एकदिवसीय प्रशिक्षणाला एक. पैसे मोजण्याआधी हे गुण असे का, ते समजून घ्या.

सगळ्यात मोठी गफलत पहिल्याच तक्त्यात होते. जवळपास प्रत्येक अहवाल पटसंख्येपासून सुरू होतो आणि तिथेच समाधान मानतो. मुली ५२ टक्के, मुलं ४८ टक्के, म्हणजे समानता साधली. लिंग समानता निर्देशांक काढतात मुलींचं नोंदणी गुणोत्तर भागिले मुलांचं नोंदणी गुणोत्तर असा. तो ०.९७ ते १.०३ मध्ये आला की समानता मानली जाते. पण हे गुणोत्तर त्या वयोगटाच्या लोकसंख्येवर उभं असतं. एका शाळेच्या पटावरून ते काढताच येत नाही, आणि तरीही अहवालात ते सर्रास छापलेलं दिसतं. निफाड किंवा सिन्नर तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत मुली जास्त दिसल्या, तर आधी विचारायचा प्रश्न असा की गावातली मुलं कुठे गेली? व्हॅनमध्ये बसून ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जात असतील, तर मुलींचा तो वाढलेला टक्का भेदभावाचाच पुरावा आहे. हे शोधायला गावातल्या ६ ते १४ वयाच्या मुलांची घरनिहाय यादी लागते. अंगणवाडी सेविका आणि शाळेचं बालक सर्वेक्षण मिळून ती एका दिवसात तयार होते. ही यादी न मागणारा सल्लागार पुढे काय शोधणार, याची शंका यायला हवी.

खरी माहिती हजेरीपत्रकात असते. मागच्या बारा महिन्यांची हजेरी घ्या, इयत्ता पाचवी ते दहावी, मुली आणि मुलं वेगळी, महिनावार. नाशिक जिल्ह्याचं शेतीचं वर्ष त्यात स्वच्छ उमटतं. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी सुरू होते, डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लागण, फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षकाढणी. पेठ, सुरगाण्याकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात तेव्हा मुलगी एकतर धाकट्याला सांभाळायला सोबत येते, नाहीतर घरी राहून चूल सांभाळते. एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्यात धो धो पाऊस पडणाऱ्या पेठ-सुरगाण्यातच, पाण्याच्या खेपा वाढतात. म्हणून 'मुलींची सरासरी उपस्थिती ८५ टक्के' अशा ओळीला काडीचीही किंमत नाही. 'सातवीतल्या मुलींची जानेवारीची उपस्थिती त्याच वर्गातल्या मुलांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी' अशी ओळ असेल, तरच मुख्याध्यापकांना काही करता येतं. चांगल्या अहवालात इयत्ता, महिना आणि रस्ता नावानिशी आलेले असतात.

अर्थात हजेरीपत्रकावर डोळे मिटून विश्वासही ठेवता येत नाही. पोषण आहाराच्या हिशेबामुळे काही ठिकाणी उपस्थिती फुगलेली असते. त्यावर उपाय एकच: न कळवता तीन वेळा जाऊन वर्गात डोकी मोजायची, त्यातला एक दिवस आठवडे बाजाराचा आणि एक त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. आकड्यांत मोठी तफावत आली तर शिक्षकांना पकडल्याच्या आविर्भावात ती मांडू नये. तसं झालं की पुढच्या भेटीला सगळी कागदपत्रं 'सापडत नाहीत'.

हजेरीनंतर दाखले. चौथी, सातवी आणि दहावीनंतर शाळा सोडल्याचे किती दाखले मुलींना दिले, आणि त्यातल्या किती मुली पुढच्या शाळेत खरोखर दाखल झाल्या, हे यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, विद्यार्थ्याच्या कायम क्रमांकावरून तपासता येतं. पुढच्या शाळेने नाव ओढून घेतलं नाही की ते ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे कुठल्याच शाळेत न दिसणाऱ्या मुलांच्या यादीत, अडकून राहतं. मुख्याध्यापकांना ही यादी तोंडपाठ असते, कारण ती रिकामी करा म्हणून केंद्रप्रमुख त्यांच्या मागे लागलेले असतात. सल्लागाराने ही यादी मुलगी-मुलगा वेगळी करून, घरी जाऊन पडताळली पाहिजे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक देतात. किती पत्रकं दिली याला महत्त्व नाही, पोचलेल्या गावच्या शाळेत त्यातली किती जमा झाली, हे पाहायचं. दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बसलेल्या मुलींची संख्याही मागा. बाहेरून बसणं वाईट नव्हे, पण शाळेत जाणं बंद झालं होतं हे त्यातून कळतं.

नववीनंतर अचानक गैरहजर झालेल्या मुलींची वेगळी यादी हवी, विशेषतः तुळशीच्या लग्नानंतरच्या महिन्यांतली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांआधी झालेलं आढळलं. शाळेतली जन्मतारखेची नोंद हा इथे महत्त्वाचा पुरावा असतो, आणि गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकांची जबाबदारी असते. 'जाणीवजागृती करावी' असं लिहून मोकळ्या होणाऱ्या अहवालात ही साखळी कुठेच नसते: सलग किती दिवस गैरहजर राहिल्यावर वर्गशिक्षकाने कोणाला सांगायचं, त्याने कोणाला फोन करायचा. सात दिवसांची मर्यादा घालून, नावं आणि नंबर लिहून हे भिंतीवर लावता येतं. याला खर्च शून्य आहे.

रस्त्याचा भाग सल्लागार सहसा चांगला करतात, म्हणून शाळाभेटीला चार गुण. शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतर धरलं आहे. आठवीनंतर मात्र मुलगी एसटीच्या वेळेवर अवलंबून असते. अहिल्यादेवी होळकर योजनेत ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी वेगळ्या बस धावतात. तरीही जादा तासाला मुली का थांबत नाहीत? शाळेचं वेळापत्रक आणि एसटीचं वेळापत्रक शेजारी ठेवलं की उत्तर दिसतं: तास साडेपाचला सुटतो आणि शेवटची बस सव्वापाचला जाते. तास सकाळी घेणं किंवा आगाराकडे शाळेच्या पत्रावर वेळ बदलून मागणं, दोन्ही होण्यासारखं आहे. सायकलींबद्दल मात्र विचार करून सल्ला द्यावा. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या, आणि नंतरच्या अभ्यासात योग्य वयात माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं आणि मुला-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी घटलेली दिसली. ते राज्य सपाटीचं आहे. येवला, निफाडला सायकल चालेल. पेठ-सुरगाण्याच्या चढउतारांवर ती घराच्या पडवीत उभी राहते. तिथे बस, नाहीतर वसतिगृहातली जागा हाच मार्ग.

स्वच्छतागृहाच्या बाबतीत बहुतेक तपासणी याद्या 'आहे / नाही' इतक्यावर थांबतात. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह कायद्याने आवश्यकच आहे, त्यामुळे 'आहे' असंच उत्तर येतं. पाहायचं ते असं: आतून कडी लागते का, दाराखालून-वरून दिसतं का, नळाला पाणी आत येतं की बादली बाहेरून न्यावी लागते, झाकणाचा डबा आहे का, तो कोण आणि कधी रिकामा करतं, आणि किल्ली कोणाकडे असते. किल्ली पुरुष शिपायाकडे असेल तर स्वच्छतागृह नसल्यातच जमा. मग एक साधा हिशेब करा. स्वच्छ विद्यालयाच्या निकषाप्रमाणे ४० विद्यार्थ्यांमागे एक शौचालय आणि तीन मुताऱ्या. १२० मुली म्हणजे तीन शौचालयं. मधली सुट्टी पंधरा मिनिटांची, एकीला तीन मिनिटं धरली तर एका शौचालयात पाच, तिन्हींत मिळून पंधरा मुली. मुताऱ्यांमुळे आकडा वाढतो, पण पाळीच्या दिवसांत त्यांचा उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष २५ मुलींमागे एक असा आहे, तो पाळला तरी पंधरा मिनिटांत पंचवीसच मुली. त्यामुळे नवं बांधकाम सुचवण्याआधी मोठ्या वर्गांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वेळी ठेवा आणि तास चालू असताना न विचारता जाण्याची मुभा द्या, असं सुचवणारा सल्लागार हिशेब जाणतो असं समजावं. पॅड जाळायची यंत्रं सीएसआरमधून फार वाटली गेली. ती बंद पडण्याची कारणं ठरलेली: एका वेळी क्षमतेपेक्षा जास्त पॅड टाकल्याने कॉइल जातं, राख काढली जात नाही, धुराचा पाइप बाहेर काढलेला नसतो, आणि यंत्र शिक्षकांच्या खोलीत बसवलेलं असल्याने मुली तिकडे फिरकतच नाहीत. यंत्र सुचवलं असेल तर दुरुस्तीचा वार्षिक करार आणि रोज राख काढणाऱ्या माणसाचं मानधन त्याच ओळीत लिहायला लावा.

वर्गनिरीक्षणासाठी एक कागद पुरतो. बाकांचा नकाशा काढायचा आणि शिक्षकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न कोणाला, नावाने की 'ए मुली' म्हणून, उत्तर चुकलं तर पुन्हा संधी दिली की नाही, याची खूण करायची. गणित आणि विज्ञानाचे किमान दोन-दोन तास. पहिला तास मोजणीत धरू नये, कारण पाहुणा बसला की शिक्षक सावध होतात. वर्ग कोण झाडतं, पाण्याचा हंडा कोण भरतं, खेळाच्या तासाला मैदान कोणाच्या ताब्यात असतं, हजेरीत आधी मुलांची आणि मग मुलींची नावं आहेत का, हेही त्याच कागदाच्या मागे. पाठ्यपुस्तकातल्या चित्रांचं विश्लेषण मात्र अहवालात एका परिच्छेदापुरतंच असावं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघंही घरकाम करताना दाखवले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण शाळेला पुस्तक बदलता येत नाही, आणि या विषयावर पंधरा पानं भरलेली दिसली तर ती भेटी कमी झाल्याची खूण आहे.

गटचर्चेला तीनच गुण का, तर भाषा. इंग्रजीतून उतरवलेली प्रश्नावली 'घरातील निर्णयप्रक्रियेत तुमचा सहभाग किती?' असं विचारते आणि मुली एकमेकींकडे बघत राहतात. 'काल शाळा सुटल्यापासून आज शाळेत येईपर्यंत काय काय केलंस?' हा एक प्रश्न मुलींना आणि मुलांना वेगवेगळा विचारला की घरकामाचे तास आपोआप कागदावर येतात. सहा ते आठ जणींचा गट, चाळीस मिनिटं, स्त्री कार्यकर्ती, आणि खोलीत शिक्षक नाहीत. सुरगाणा-पेठमध्ये कोकणा बोलणारी, सटाणा-कळवणकडे अहिराणी बोलणारी, मालेगावच्या उर्दू शाळांत उर्दू बोलणारी व्यक्ती पथकात असलीच पाहिजे. प्रस्तावात ते नाव आणि तिचे दिवस लिहून घ्या.

इथे एका बाबतीत तडजोड अजिबात नको. चर्चेत एखादी मुलगी लैंगिक छळाबद्दल बोलली तर काय करायचं, हे लेखी ठरलेलं नसेल तर काम सुरूच करू देऊ नका. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती मिळणाऱ्या प्रत्येकाला ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावी लागते. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. म्हणून 'हे आपल्यातच राहील' असं आश्वासन कार्यकर्तीने देऊच नये. सुरुवातीलाच सांगावं की तुझ्या सुरक्षिततेचा प्रश्न आला तर मला मदत मागावी लागेल. पालकांची संमती, मुलीची स्वतःची तयारी, १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक, आणि टिपणांत नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, एवढं तर हवंच. गावाचं नाव, इयत्ता आणि वय एकत्र छापलं की छोट्या गावात ती मुलगी कोण ते सगळ्यांना कळतं. अहवाल शाळेच्या हाती देण्याआधी हे तपासावं लागतं.

समित्यांच्या बाबतीत सल्लागारांचाच गोंधळ दिसतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती ही दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्या स्त्रियांसाठी असते, आणि तिच्यात बाहेरची सदस्य लागते. सखी सावित्री समिती २०२२ च्या शासन निर्णयातून आली, ती विद्यार्थ्यांसाठी. शाळा व्यवस्थापन समिती शिक्षण हक्क कायद्यातली, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया. तिन्हींची एकच यादी करून 'समिती कार्यरत' असा शेरा मारलेला असेल तर इतिवृत्तं मागा. स्त्री सदस्यांच्या सह्या सभेत झाल्या की वही घरी पाठवून घेतल्या, हे दोन सदस्यांशी बोललं की कळतं.

आश्रमशाळांना, म्हणजे आदिवासी मुलांच्या निवासी शाळांना, हीच प्रश्नावली लावणं चूक आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे आणि जिल्ह्यात नाशिक व कळवण अशी त्याची दोन प्रकल्प कार्यालयं आहेत, म्हणून हे काम इथे वारंवार निघतं. तिथे रस्त्याचा प्रश्न उरत नाही. स्त्री अधीक्षिका रात्री मुक्कामी असते का, न्हाणीघराला दार आणि दिवा आहे का, भेटायला येणाऱ्यांची नोंदवही खरी आहे का, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर किती मुली परतल्याच नाहीत, हे चार प्रश्न आधी.

प्रशिक्षणाला एकच गुण देताना वाईट वाटतं, कारण शिक्षक मनापासून येतात. गंगापूर रोडवरच्या एखाद्या हॉटेलात दिवसभर स्लाइड, दोन खेळ, आधी-नंतरची दहा प्रश्नांची चाचणी. 'मुलींनी शिकावं का?' याला 'हो' शिवाय दुसरं उत्तर कोण देईल? हरियाणात ३१४ सरकारी शाळांच्या अभ्यासात किशोरवयीन मुला-मुलींसाठी ४५ मिनिटांची सत्रं साधारण तीन आठवड्यांनी एक अशी अडीच वर्षं घेतली, तेव्हा कुठे विचारांत ०.१८ प्रमाण विचलनाइतका, म्हणजे थोडासाच, फरक पडला. मुलग्यांच्या वागण्यात बदल दिसला, मुलींच्या आकांक्षांमध्ये नाही, कारण त्या आधीच मोठ्या होत्या. अडथळा त्यांच्या मनात नव्हताच. तेव्हा एका दिवसाचे पैसे वाचवा आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दर महिन्याला एक तास मागून घ्या, आठ-दहा महिने. आधीच्या बाकांच्या नकाशावर तीन महिन्यांनी पुन्हा खुणा करा. चाचणीची गरज राहत नाही.

वेळ चुकली की सगळंच चुकतं. सीएसआरचं वर्ष ३१ मार्चला संपतं, निधी खर्ची पडायला हवा म्हणून शाळाभेटी फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकल्या जातात. नेमक्या तेव्हाच परीक्षा असतात आणि द्राक्षकाढणीही. ज्या मुलींबद्दल अहवाल लिहायचा, त्याच त्या दिवशी वर्गात नसतात. जूनमध्ये साधनं तयार, ऑगस्टमध्ये पहिली भेट, जानेवारीत दुसरी, असं करारात महिन्यांसह लिहा.

कोटेशन वाचताना एकूण रकमेआधी माणूस-दिवस बघा. दहा शाळांसाठी दोघांचं पथक, पहिल्या भेटीला दोन दिवस आणि दुसऱ्या भेटीला एक, असे ६० दिवस होतात. साधनं आणि चाचणी-भेट आठ, हजेरी-दाखल्यांची मांडणी दहा, अहवाल आणि गावात वाचन बारा. एकूण ९०. कोणी २५ दिवसांत दहा शाळा देतो म्हणत असेल तर तो प्रत्येक शाळेत अर्धा दिवस थांबणार आहे. प्रस्तावात अनुभवी बाईंचा बायोडाटा आणि शाळेत प्रत्यक्षात नवखी मुलं, हे टाळायला प्रत्येक नावापुढे दिवस लिहून घ्या. १८ टक्के जीएसटी दरात धरला आहे की वेगळा, तेही विचारा. पैसे चार हप्त्यांत द्यावेत: करारावर २० टक्के, पहिल्या भेटीचे कच्चे तक्ते मिळाल्यावर ३०, अहवालावर २० आणि सहा महिन्यांनंतरच्या पाठपुराव्यावर ३०. कच्ची माहिती शाळेची, हेही करारात.

अहवाल मराठीत असावा. प्रत्येक शाळेसाठी पाच-सहा पानं आणि पालकांसाठी एक पान, मोठ्या अक्षरात. कृती आराखड्यात 'कोण', 'कधीपर्यंत' यांच्या शेजारी 'कोणत्या पैशातून' हा रकाना नसेल तर परत पाठवा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटाप्रमाणे १०,००० ते १,००,००० रुपये असतं आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. कडी, दिवा, झाकणाचा डबा, पाण्याची जोडणी यांना एवढं पुरतं, कंपनीची वाट बघावी लागत नाही.

निधी थोडाच असेल तर पूर्ण पुडकं घेऊ नका. चार शाळा निवडा, हजेरी-दाखले, रस्ता आणि मुलींशी चर्चा एवढ्याच तीन गोष्टी मागा, आणि दोन्ही भेटी ठेवा. ज्या संस्थेला फक्त मूल्यांकनाच्या फाइलसाठी कागद हवा आहे, तिने ही सेवा घेऊ नये. मुलींना दोनदा तेच प्रश्न विचारून काहीच बदललं नाही, तर तिसऱ्यांदा त्या बोलत नाहीत.